नानांना पुन्हा आयसीयूत न्यायचं की नाही, हे आधी कसं ठरवायचं? (ता. चोपडा, जि. जळगाव)

केळीचं_पान

सासरे, वय ८३. सीओपीडी (फुप्फुसांचा जुनाट, श्वास अडवणारा आजार), हृदयाचं पंपिंग २५ टक्के, क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) ३.२, म्हणजे किडनीही कमजोर. चार महिन्यांत दोनदा जळगावला आयसीयूत होते, दोन्ही वेळा बायपॅपवर (मास्कमधून श्वासाला जोर देणारं यंत्र) निभावलं. सध्या घरी आहेत, कॉन्सन्ट्रेटरवर (हवेतून ऑक्सिजन काढणारं यंत्र) मिनिटाला २ लिटर ऑक्सिजन चालू आहे. बसून जेवतात, सगळं कळतं, बोलणं स्वच्छ. डिस्चार्जच्या वेळी डॉक्टर म्हणाले, "पुढच्या वेळी व्हेंटिलेटर लागू शकतो, घरात बोलून ठेवा." काय बोलायचं ते मात्र सांगितलं नाही.

घरात तीन मुलं. थोरले शेती बघतात, मधले सुरतला, धाकटे (आमचे हे) पुण्याहून येऊन-जाऊन. नणंद शिरपूरला. सुरतचे म्हणतात सगळं करा, पैशाकडे बघू नका. थोरले म्हणतात आता हाल नको. नाना स्वतः एवढंच म्हणतात, "माले घर लई चाला" (मला घरी घेऊन चला). पण हे ते दवाखान्यात असताना म्हणत होते. घरी आल्यावर त्यांना कोणी विचारलंच नाही.

विचारायचं ते असं. व्हेंटिलेटर, छाती दाबणं, डायलिसिस यांचं एकदमच ठरवायचं की वेगवेगळं? लिव्हिंग विल (शेवटी कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवलेला कागद) म्हणतात ते चोपड्यासारख्या ठिकाणी होतं का, कोण करून देतं? आणि घरीच ठेवायचं ठरलं तर दम लागल्यावर नुसतं बघत बसायचं का? मला सगळ्यात भीती या शेवटच्या गोष्टीची आहे.

---

रात्रपाळी_आयसीयू

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण "हाल नको" म्हणणारे आणि "सगळं करा" म्हणणारे दोघंही त्यालाच घाबरलेले असतात. दम लागणं घरी आटोक्यात ठेवता येतं, मात्र त्याची तयारी आधी करावी लागते. ऐन वेळी गावातल्या मेडिकलवर त्यातलं काहीच मिळत नाही. त्याकडे खाली येतो.

आधी यंत्रांचं. सगळं एकत्र ठरवू नका. "सगळं करा" आणि "काही करू नका" यांच्यामध्ये पाच-सहा वेगळे निर्णय आहेत आणि नानांच्या बाबतीत प्रत्येकाचं उत्तर वेगळं येऊ शकतं.

बायपॅप म्हणजे तोंडावर घट्ट मास्क. माणूस जागा असतो, मध्ये काढून दोन घोट पाणी पिऊ शकतो, नको झालं तर हाताने दूर करतो. दोनदा उपयोग झालाय, तिसऱ्यांदाही होऊ शकतो. कारण छातीतला जंतुसंसर्ग असेल तर हो म्हणायला हरकत नाही. फक्त मुदत ठरवून घ्या. भरती करतानाच डॉक्टरांना सांगा, "४८ तास बायपॅप, अँटिबायोटिक, त्यानंतर बसून बोलू." सुरुवातीला तासा-दोन तासांनी रक्तातला पीएच आणि कार्बन डायऑक्साइड तपासतात, त्यावरून दिशा कळते. ४८ तासांनी गुंगी वाढलेली, लघवी कमी, बीपी औषधावर टिकवलेलं, असं चित्र असेल तर पुढच्या यंत्राने ते बहुधा उलटणार नाही.

व्हेंटिलेटर ही वेगळी गोष्ट. घशात नळी, बोलणं बंद, नळी ओढू नये म्हणून झोपेचं औषध आणि बरेचदा हात बांधलेले. इतक्या झिजलेल्या फुप्फुसाला आणि हृदयाला मशीनवर घालणं सोपं, उतरवणं अवघड. दहा-बारा दिवसांनी गळ्याला भोक पाडायचं का, हा प्रश्न समोर येतो आणि त्या वेळी नाना उत्तर देण्याच्या अवस्थेत नसतात. नळी घालू नये आणि घातलेली काढावी, या दोन्हींना नीती एकच मानते. पण आयसीयूच्या दाराशी उभ्या घराला काढणं दहापट जड जातं. म्हणून घालण्याआधीच ठरवा.

छाती दाबणं: या वयात, या हृदयात फासळ्या मोडतात आणि हृदय परत चालू झालंच तर माणूस पुन्हा व्हेंटिलेटरवरच जातो. याला नाही म्हणायचं असेल तर केसपेपरवर डीएनएआर (हृदय थांबलं तर ते पुन्हा चालू करायचा प्रयत्न करू नये, ही सूचना) लिहून घ्या. आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०२० मध्ये त्यासाठी मार्गदर्शक सूचना आणि फॉर्म दिलाय. डीएनएआर म्हणजे बाकी उपचार बंद असं नव्हे. अँटिबायोटिक, ऑक्सिजन, दुखण्याचं औषध सगळं चालू राहतं. हे ड्यूटीवरच्या प्रत्येक पाळीला माहीत असेलच असं नाही, म्हणून तोंडाने पुन्हा सांगा.

डायलिसिस: २५ टक्के हृदयावर प्रत्येक वेळी बीपी कोसळायची भीती. आठवड्यातून दोन-तीनदा जळगावची ये-जा. नानांनी स्वतः मागितलं तरच.

आता नानांना विचारायचं कसं. "व्हेंटिलेटर लावू का?" असं विचारू नका. त्यांनी तो पाहिला असेल तर घाबरतील, पाहिला नसेल तर तुमच्या तोंडाकडे बघून हो म्हणतील. सकाळी, पोट साफ झाल्यावर, दम कमी असताना, त्यांच्या बोलीत विचारा: "नाना, तुमले काय वाटस?" मग थांबा. पुढे एकेक. मागच्या वेळी दवाखान्यात सगळ्यात वाईट काय वाटलं? पुन्हा तसं झालं तर जायचं का? गेलो आणि बोलता येईनासं झालं, तर तुमच्या वतीने कोणी बोलायचं? कोणती गोष्ट गेली तर जगणं नको वाटेल: बोलणं, ओळखणं, की स्वतःच्या हाताने जेवणं? उत्तरं त्यांच्याच शब्दांत, तारखेसह वहीत लिहा. दुरुस्त करून प्रमाण मराठीत आणू नका. एका बसण्यात सगळं होत नाही, तीन-चार दिवस घ्या.

दमाचं औषध. दम लागल्याची जाणीव कमी करायला जगभर थोड्या डोसात मॉर्फिन देतात. एरवी वयस्कर माणसाला तोंडाने २.५ मिलिग्रॅम, म्हणजे १० च्या साध्या गोळीचा चतुर्थांश, चार ते सहा तासांनी. पण नानांचं क्रिएटिनिन ३.२ आहे. मॉर्फिनचे अवशेष किडनीतून जातात. ते साठले की माणूस गुंगतो, हातपाय दचकल्यासारखे उडतात. त्यामुळे त्यांना हा डोस परस्पर चालणार नाही. एक तर फार कमी आणि लांब अंतराने, नाहीतर फेंटानिलसारखं दुसरं औषध, आणि ते पॅलिएटिव्ह (आजार बरा होणार नसला तरी त्रास कमी करणारे) डॉक्टरच ठरवतील. फेंटानिलचा पॅच कोणी पहिल्याच दिवशी थेट चिकटवत असेल तर थांबवा. आधी अफूवर्गातलं औषध अंगवळणी पडलेलं नसताना तो धोक्याचा असतो, शिवाय ताप असला किंवा अंग तापलं की त्यातून औषध जास्त सुटतं. मे महिन्यातल्या पत्र्याच्या खोलीचा विचार करा.

ही औषधं मुख्यतः मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांतून मिळतात. एनडीपीएस (अमली पदार्थांच्या) कायद्यातल्या २०१४ च्या दुरुस्तीनंतर त्यांचे नियम सोपे झाले, तरी चोपड्याच्या दुकानात ती मिळतील असं धरू नका. जळगावचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, धुळ्याचं भाऊसाहेब हिरे महाविद्यालय आणि जवळचं कर्करोग रुग्णालय, तिन्हीकडे "पॅलिएटिव्ह ओपीडी कोणत्या वारी असते आणि तोंडाने घ्यायचं मॉर्फिन आहे का" असं फोनवर आधी विचारा. कॅन्सर नसलेल्या रुग्णालाही पॅलिएटिव्ह केअर मिळते. "ते कॅन्सरवाल्यांसाठी असतं" असं काउंटरवर ऐकायला मिळेल, तिथून परत फिरू नका. औषध सुरू झालं की त्याच दिवसापासून पोट साफ होण्याची (रेचक) गोळीही हवी, नाहीतर चौथ्या दिवशी पोट फुगून दम आणखी वाढतो.

एक चूक घरोघरी होते. बोटावरच्या मीटरवर ८९ दिसलं की कोणीतरी कॉन्सन्ट्रेटर २ वरून ५ वर नेतं. सीओपीडीत ८८ ते ९२ हेच लक्ष्य असतं. ऑक्सिजन वाढवून आकडा ९८ केला तर कार्बन डायऑक्साइड साठतो, नाना "शांत झोपलेत" असं वाटतं आणि ते बेशुद्धीकडे चाललेले असतात. यंत्राच्या नॉबवर २ पाशी मार्करने रेघ मारा. झोपेची गोळीही परस्पर नको, कारण तेच.

---

नोटरीचा_शिक्का

कायद्याचं मी घेतो.

९ मार्च २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने कॉमन कॉज या संस्थेच्या प्रकरणात लिव्हिंग विल मान्य केलं. तेव्हाची पद्धत इतकी किचकट होती, प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची सही वगैरे, की फारसं कोणी वाटेला गेलं नाही. २४ जानेवारी २०२३ च्या आदेशाने ती सोपी झाली. आता लागतं एवढंच: सज्ञान, भानावर असलेली व्यक्ती, स्वेच्छेने लिहिलेला कागद, दोन साक्षीदार (शक्यतो घराबाहेरचे, हितसंबंध नसलेले) आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही. चोपड्यात नोटरी आहेत, तहसीलदार राजपत्रित आहेत. मुंबई-पुण्याला जायची गरज नाही.

पण त्याआधी एक गोष्ट, जी लोक विसरतात. नाना भानावर आहेत तोवर लिव्हिंग विलची गरजच नाही. भानावरच्या माणसाला कोणताही उपचार नाकारायचा हक्क आहे. त्याने स्वतः "नळी नको" म्हटलं तर त्याला ना डॉक्टरांचं मंडळ लागतं (त्याचं खाली सांगतो), ना मुलाची सही. कागद हवा तो ते बोलू शकणार नाहीत त्या दिवसासाठी.

कागदात काय हवं: कोणत्या स्थितीत (बरं होण्याची आशा नसलेला, शेवटाकडे नेणारा आजार, आणि स्वतः निर्णय घेता येत नाही), काय नको (व्हेंटिलेटर, छाती दाबणं, डायलिसिस, नळीने अन्न, एकेक नावाने), काय हवंच (दम, वेदना, घाबरेपणा यांवर औषध), आणि त्यांच्या वतीने कोण बोलणार. नावं दोन-तीन देता येतात, क्रमाने द्या. पहिलं नाव असं असावं जे दोन तासांत दवाखान्यात पोचेल. सुरतहून गाडीने यायलाच पाच-सहा तास, म्हणून मधल्या भावाचं नाव पहिलं नको. मान म्हणून दुसरं ठेवा, घरात शांतता राहील.

कुठे फसतं ते सांगतो.

"मला कोणत्याही नळ्या लावू नयेत" एवढंच लिहिलेलं असतं. मग लघवीची नळी आणि सलाईनही नळीच. कागद संदिग्ध असेल तर मंडळ तो बाजूला ठेवू शकतं आणि कागदच नाही असं धरून पुढे जातं.

मुलगा नोटरीकडे जाऊन शिक्का मारून आणतो, नाना घरी. अशा कागदाला काही अर्थ नाही. सही त्यांच्यासमोरच व्हायला हवी. नोटरी घरी येतात, विचारा.

अंगठा चालतो. पण मग कागदावर "हा मजकूर मला माझ्या बोलीत, अहिराणीत, वाचून व समजावून सांगितला, तो मला मान्य आहे" असं वाक्य आणि वाचून दाखवणाऱ्याची सही हवी. ज्याने कधी "कृत्रिम श्वसनयंत्रणा" शब्द ऐकला नाही, त्याचा अंगठा त्या शब्दाखाली उद्या कोणीही प्रश्नात आणेल. नाना सुधबुधीत आहेत असा डॉक्टरांचा त्याच दिवशीचा दाखला बंधनकारक नाही, तरी जोडा. खर्च काही नाही, भांडण वाचतं.

जमिनीचं मृत्युपत्र आणि हे एकाच कागदात घालतात. कधीच नको. मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतं, हे तो असतानाच लागतं. आणि त्याच कागदात सातबारा आला की साक्षीदारांकडे सगळ्यांच्या भुवया उंचावतात.

मुखत्यारपत्रावर विसंबू नका. साधं मुखत्यारपत्र माणसाचं भान गेलं की लुळं पडतं, आणि मृत्यूनंतर तर संपतंच. पेन्शनचं खातं, लॉकर यांची नामांकनं आत्ताच तपासा.

प्रती: एक घरच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे, एक पहिल्या नावाच्या माणसाकडे, एक स्थानिक स्वराज्य संस्थेने (गावात ग्रामपंचायत, शहरात नगरपालिका किंवा महापालिका) नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. आवकचा शिक्का मारलेली पोच घ्या. मूळ कागद लोखंडी कपाटात कुलूपबंद ठेवू नका, भरतीच्या वेळी किल्ली कोणाकडे असते हे कोणालाच आठवत नाही. दवाखान्याच्या फाइलमध्ये ठेवा. मत बदललं तर नाना केव्हाही लेखी रद्द करू शकतात, आणि एकाहून जास्त कागद असतील तर शेवटचा धरतात.

दवाखान्यात लागू करताना: उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षं अनुभवाचे दोन तज्ज्ञ, हे पहिलं मंडळ. मग दुसरं मंडळ, त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी सुचवलेले एक डॉक्टर आणि आणखी दोन तज्ज्ञ. दोघांनी शक्यतो ४८-४८ तासांत मत द्यायचं. मग कागदात नाव दिलेल्या माणसांची संमती, आणि अंमल करण्याआधी न्यायदंडाधिकाऱ्यांना दवाखाना कळवतो. परवानगी मागत नाही, कळवतो. कागद नसला तरी हाच रस्ता जवळच्या नातलगांच्या संमतीने खुला आहे. मंडळाने नकार दिला तर उच्च न्यायालय. छोट्या दवाखान्यात एवढे तज्ज्ञ नसतात, म्हणून भरतीच्या आधीच विचारा, "तुमच्याकडे मंडळ बसतं का?" या एका प्रश्नावर दवाखाना निवडायला हरकत नाही.

---

कळण्याची_भाकरी

समाजकार्याच्या बाजूने थोडंसं. ताई, तुमच्या प्रश्नात सून म्हणून तुम्ही चोवीस तास बघताय आणि निर्णयात तुमचं नाव कुठेच नाही. निदान बैठकीत बसा.

बैठक डॉक्टरांसमोर, एकदाच, सुरत आणि पुणे व्हिडिओ कॉलवर, शिरपूरच्या ताई प्रत्यक्ष. मुलीला वगळलं की तेराव्याला तेच निघतं. डॉक्टरांनी सगळ्यांना एकाच वेळी, एकाच शब्दांत सांगावं. नाहीतर तीन भाऊ तीन वेळा फोन करतात आणि तीन अर्थ काढतात.

"करायचं की नाही" असा प्रश्न ठेवू नका, त्यात जो नाही म्हणतो तो वाईट ठरतो. प्रश्न असा: "नाना या खाटेवर बसून हे ऐकत असते तर काय म्हणाले असते?" आणि ते आत्ता बोलू शकतात, म्हणजे त्यांनाच बैठकीत बसवा. सुरतच्या भाऊंच्या "पैशाकडे बघू नका"मागे बहुतेक वेळा "मी जवळ नाही" हे असतं. त्यांना काम द्या: कॉन्सन्ट्रेटरची बॅटरी, पॅलिएटिव्ह डॉक्टरांचा पाठपुरावा, आठवड्यातून दोन रात्री येऊन जागणं.

"सही करून घरी नेतो" हा आपल्याकडचा रूढ मार्ग. व्हेंटिलेटरवरून उतरवून, अँब्युलन्समध्ये हाताने श्वास देणारा फुगा दाबत, दाराशी पोचेपर्यंत श्वास टिकवायचा. ती सही म्हणजे "डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध नेलं" एवढंच. त्यासोबत ना दमाचं औषध मिळतं, ना नर्सचा फोन, ना नंतर दाखला द्यायला कोणी बांधील. त्याऐवजी म्हणा, "घरी शेवटची काळजी घ्यायची म्हणून डिस्चार्ज द्या, औषधं लिहून द्या." नकार मिळाला तर तोही लेखी मागा.

---

सात_नंबरचे_हातमोजे

घरच्या शुश्रूषेचं सांगते, एकेक वस्तूचं.

पलंग: आडवं झोपवू नका. पाठीमागे लोड, दोन्ही काखेत उशी, पुढे टेबल ठेवून त्यावर उशी, म्हणजे नाना पुढे रेलून बसू शकतील. दमात हीच स्थिती सुसह्य. टेबलफॅन गालावर आणि नाकाच्या बाजूला, हातभर अंतरावरून. चेहऱ्यावरचा वारा दमाची जाणीव खरोखर कमी करतो, ऑक्सिजनइतकाच तोही उपचार समजा. भोवती गर्दी नको. आपल्याकडे भेटायला येणारा प्रत्येक जण वाकून "मला ओळखलं का?" विचारतो, उत्तर देताना दम लागतो. दाराशी एकाला बसवा.

ऑक्सिजन आणि आग. हे जाड अक्षरात लिहून भिंतीवर लावा. नळी चालू असताना उशाशी दिवा, उदबत्ती, विडी काही नाही. उशीत आणि गोधडीत ऑक्सिजन साठतो, एका ठिणगीने पेट घेते. दिवा लावायचाच तर देवघरात, खोलीबाहेर. अखेरच्या क्षणी उशाशी लावायचा असेल तर आधी यंत्र बंद, नळी काढून बाहेर, पांघरूण झटकून खिडकी उघडा, मग दिवा.

सलाईन. गावात कोणी सुकलं की "एक बाटली लावून द्या" होतं. नानांच्या हृदयात आणि किडनीत ५०० मिलीची बाटली सरळ फुप्फुसात उतरते, पायांवर सूज आणि रात्री गुदमर. शेवटच्या दिवसांत भूक-तहान आपोआप मंदावते, शरीर अन्न घ्यायचं थांबवतं. "उपाशी मारलं" असं कोणी म्हणेल, त्याला हे सांगा. मागितलं तर वरणाचं पाणी, दोन चमचे, बसवून, हनुवटी छातीकडे. गिळताना ठसका लागला की थांबा.

तोंड मात्र कोरडं पडू देऊ नका. दर दोन तासांनी स्वच्छ गॉज पाण्यात बुडवून, पिळून, ओठ, हिरड्या आणि जीभ पुसा. ओठांना साजूक तूप, पण ऑक्सिजन चालू नसताना आणि अगदी पातळ, कारण तेलकट पदार्थ आणि ऑक्सिजन जमत नाहीत. नळी चालूच असेल तर पाण्यावर बनलेला जेल वापरा. गंगाजल: चमच्याने घशात ओतायचं नाही. गिळता येत नसेल तर ते श्वासनलिकेत जातं आणि शेवटचा तास ठसक्यात जातो. तुळशीचं पान गंगाजलात बुडवून ओठांवरून फिरवा, दोन थेंब पुरतात. घरातल्या वडीलधाऱ्यांना आधीच सांगून ठेवा, त्या वेळी कोणी ऐकत नाही.

कूस दर दोन तासांनी बदला, रात्री चार तास चालतात. टाच, माकडहाड, कंबरेची हाडं रोज बघा. लाल डाग बोटाने दाबून पांढरा होत नसेल तर जखम सुरू झाली. चोळू नका, भार काढा. एअर मॅट्रेस आणलीत तर तिचा पंप विजेवर आहे हे लक्षात ठेवा.

शेवटचे एक-दोन दिवस ओळखायचे कसे: झोप वाढते, पायाचे तळवे गार आणि निळसर जाळीदार होतात, लघवी अगदी थोडी आणि गडद, श्वास थांबतो आणि पुन्हा सुरू होतो, मधलं अंतर वाढत जातं. घशात घरघर येते. ती ऐकणाऱ्याला असह्य असते, त्या स्थितीत रुग्णाला बहुधा जाणवत नाही. कुशीवर वळवा, उशी थोडी वर. सक्शन घशात खोल घालू नका. ग्लायकोपायरोलेट किंवा हायोसिनसारखं औषध लवकर दिलं तरच उपयोग, म्हणून ते आधी लिहून घरात ठेवा.

या वेळी कोणीतरी घाबरून १०८ ला फोन करतं. ते तातडीच्या सेवेचे लोक आहेत, आले की छाती दाबणं, नळी, भरती, सगळं करायला बांधील. पलंगाशेजारी मोठ्या अक्षरात दोनच नंबर लावा: घरचे डॉक्टर आणि नर्स.

घरच्या डॉक्टरांना आत्ताच विचारा, "घरी गेले तर नमुना ४-अ भरून द्याल ना?" शेवटच्या आजारात ज्यांनी पाहिलं त्यांनीच मृत्यूच्या कारणाचा तो दाखला द्यायचा असतो. नोंद ज्या गावात मृत्यू झाला तिथल्या ग्रामपंचायतीत, २१ दिवसांच्या आत विनाशुल्क. वाटेत अँब्युलन्समध्ये गेले तर गाडी पहिल्यांदा जिथे थांबेल तिथे नोंद, आणि मग दाखल्यासाठी परगावी हेलपाटे. घरी न्यायचं तर वेळेत न्या म्हणते त्याचं हेही एक कारण.

पेसमेकर आहे का? असेल तर अग्नी देण्याआधी काढून घ्यावा लागतो, बॅटरी चितेत फुटते. शॉक देणारं यंत्र असेल तर शेवटच्या दिवसांत ते बंद करायला हृदयरोगतज्ज्ञांना सांगा, नाहीतर जाणाऱ्या माणसाला ते झटके देत राहतं.

---

केळीचं_पान

सगळ्यांचे आभार. पेसमेकर नाही. रविवारी बैठक ठरवली, नानांसकट. एक राहिलं: आमच्याकडे १५० एएचचा एकच इन्व्हर्टर आहे. कॉन्सन्ट्रेटर ५ लिटरवाला. उन्हाळ्यात खोलीत कूलरही त्यावरच चालतो. लाइट गेली तर किती वेळ निघेल?

---

सात_नंबरचे_हातमोजे

५ लिटरचं यंत्र साधारण ३५० वॉट खातं. १५० एएच, १२ व्होल्टची बॅटरी कागदावर १८०० वॉट-तास, हातात ७० टक्के धरा. एकटं यंत्र साडेतीन तास, १५० वॉटचा कूलर सोबत असेल तर अडीच. बॅटरी तीन वर्षं जुनी असेल तर याच्या निम्मं. म्हणून बी टाइपचा एक सिलिंडर भरून ठेवा: १५०० लिटर, २ लिटरने साडेबारा तास. सोबत रेग्युलेटर आणि झडप उघडायची चावी दोरीने सिलिंडरलाच बांधा. रात्री दोन वाजता सिलिंडर भरलेला असतो आणि चावी सापडत नाही. आजच एकदा जोडून, पाच मिनिटं चालवून बघा.

कूलरचा ओला झोत यंत्रावर येऊ देऊ नका, आतल्या चाळणीचे दाणे दमट होऊन ऑक्सिजनची शुद्धता घसरते. बहुतेक यंत्रं ४० अंशांपर्यंतच नीट चालतात, चोपड्यात मे महिन्यात पत्र्याखाली दुपारी त्याच्या वर जातं. यंत्र मातीच्या भिंतीच्या आतल्या खोलीत, भिंतीपासून फूटभर दूर ठेवा आणि नळी लांब घ्या, ७ मीटरपर्यंत चालते. मागची जाळी आठवड्याला धुवा. केळीच्या बागेतली धूळ आठ दिवसांत बसते.